गप्प बसण्याचा कोर्स

आमच्या घरात कुणी गप्प बसलं तर त्याला ताप आलाय असं समजत. वडील हायस्कूलमध्ये गणित शिकवायचे, आई प्राथमिक शाळेत होती, काका संस्कृतचे, आत्या बालवाडीत. जेवायला बसलं की सगळे एकदम बोलत, आणि प्रत्येकाला वाटे की आपण समोरच्याला काहीतरी समजावून सांगतोय. अशा घरात वाढलेली मी आता लोकांना गप्प बसायला शिकवते. हे सांगितलं की ओळखीचे लोक आधी हसतात, मग माझ्याकडे संशयाने बघतात. त्यांचं काही चुकत नाही. मी किती बोलते हे निम्म्या नगरला माहीत आहे.

काम तसं सरळ आहे. कुणी एखादं अॅप बनवलं, एखादं मशीन बनवलं, दवाखान्यात पाटी लावली, की ती वस्तू ज्याच्यासाठी आहे त्या माणसाच्या हातात द्यायची. त्याला एक काम सांगायचं आणि शेजारी बसून बघायचं. तो कुठे थांबतो, कुठे गोंधळतो, कशावर चिडतो. तो अडला तर चूक वस्तूची धरायची, माणसाची नाही. याला यूजेबिलिटी म्हणतात. मराठीत वापरसुलभता असा शब्द आहे. तो माझ्या आईला फार आवडतो, बाकी कुणी वापरत नाही.

पुण्यात मी हे काम बरीच वर्षं केलं. मग नवऱ्याची बदली नगरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात झाली आणि आम्ही परत आलो. पुण्यातल्या मैत्रिणी हळहळल्या. तिकडे जाऊन तू काय करणार, असं प्रत्येकीने विचारलं, जणू मी हिमालयात निघाले होते. मला राग आला. माझ्या रागाचं एक बरं आहे, तो आला की मी कामाला लागते. गावाबाहेरच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात जाऊन मी प्राचार्यांचं डोकं खाल्लं, आणि शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींसाठी यूजेबिलिटीचा कोर्स सुरू केला. वर्ग मिळाला तो जुन्या वर्कशॉपच्या वरचा. खाली लेथ मशीन सुरू झालं की फळा थरथरायचा.

मुलं आली ती श्रीगोंद्याची, राहात्याची, कर्जत-जामखेडकडची. पाट्यांवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, पण ही पोरं घरी फोनवर 'नगरला हाय' असंच सांगत. हुशार होती, कष्टाळू होती, आणि सगळ्यांच्यात एक दोष होता. माणूस अडलेला त्यांना बघवत नसे.

हा दोष मला पहिल्यांदा दिसला राहात्याला. बाजारभाव दाखवणारं एक अॅप घेऊन आम्ही सरावाला गेलो होतो. पेरूची बाग असलेल्या एका मावशींना आम्ही फोन दिला आणि आजचा पेरूचा भाव शोधा म्हणून सांगितलं. मावशींनी चष्मा लावला, फोन जरा लांब धरला, एक बटण दाबलं आणि थांबल्या. शेजारी बसलेल्या माझ्या विद्यार्थ्याने त्यांच्या हातातून फोन घेतला, टकाटक चार बटणं दाबली आणि म्हणाला, 'हे बघा मावशी, हा तुमचा भाव.' मावशी खूश झाल्या. 'लई गुनाचं पोर हाय,' म्हणाल्या, आणि आम्हाला पिशवीभर पेरू दिले. पोरगाही खूश. एकट्या मला रडावंसं वाटत होतं. त्या अॅपमध्ये मावशी कुठे अडल्या हे बघायला आम्ही इतक्या लांब गेलो होतो, आणि परत काय आणलं, तर पेरू.

बाकीच्यांचंही तेच. कुणी हाताने खूण करी, कुणी डोळ्यांनी, कुणी नुसतं खाकरून दाखवी. पुण्यातल्या मुलांना मला सांगावं लागे की समोरच्याकडे जरा माणसासारखं बघा. इथे उलटं होतं. आपल्याकडे कुणी रस्ता विचारला तर लोक त्याला अर्ध्या वाटेपर्यंत पोहोचवून येतात, त्याच सवयीने माझी पोरं टेस्टला बसत. त्यांना ओरडायचं तरी कुठल्या तोंडाने.

शेवटी मी खडीसाखर आणली. कापडबाजारातल्या किराणा दुकानातून चांगले मोठे खडे निवडून घेतले आणि प्रत्येकाच्या हातावर एकेक ठेवला. नियम सांगितला. समोरचा माणूस अडला की खडा गालात ठेवायचा, चावायचा नाही. तो विरघळेपर्यंत तोंडातून उत्तर निघता कामा नये. प्रश्न विचारला तर चालेल, तोही एकच, की तुमच्या मनात काय चाललंय. साखरेच्या जिल्ह्यातली पोरं, पहिल्या दिवशी सगळ्यांनी मिटक्या मारत खडे संपवले आणि आणखी मागितले. पण हळूहळू जमायला लागलं. वर्कशॉपच्या वरच्या त्या वर्गात फुगलेल्या गालांनी शांत बसलेली पोरं बघून शिपाई मला म्हणाला होता, 'म्याडम, सगळ्यांच्या दाढा एकदम दुखायला लागल्या का?'

या सगळ्यात एक मुलगी होती, मिरजगावजवळच्या वस्तीवरची. शेतकऱ्याच्या घरातली, अंगाने बारीक, आवाज खणखणीत. सुरुवातीला सगळ्यात जास्त मदत करणारी हीच. आणि खडीसाखरेचा खडा सगळ्यात आधी न चावता विरघळवला तोही हिनेच. बघता बघता ती अशी बसायला लागली की समोरच्याला ती आहे हेच विसरायला व्हावं. मग माणसं तिच्यापाशी बोलत. अॅपबद्दल बोलत, आणि बोलता बोलता घरचंही सांगत. मी इतकी वर्षं हे काम केलं, पण अशी बैठक मलाही जमलेली नाही. मी तिला हे कधी सांगितलं नाही. आमच्या घरात विद्यार्थ्याचं तोंडावर कौतुक करत नसत, ती एक खोड माझ्यात राहिली आहे.

पुण्यातल्या एका छोट्या कंपनीने तिला काम देऊ केलं. ही कंपनी शेतातली मोटार मोबाईलवरून चालू-बंद करायचं अॅप बनवत होती. अडलं होतं ते एकाच ठिकाणी, तिच्या वडिलांपाशी.

वडिलांना मी ओळखत होते. सगळे त्यांना आण्णा म्हणत, मीही तेच म्हणायला लागले. दर सुट्टीनंतर ते मुलीला हॉस्टेलवर सोडायला यायचे. आले की आधी वॉचमनला सगळं समजावून सांगायचे, मग मेसच्या बाईंना, मग मला. मुलगी शेजारी उभी असायची आणि तिच्या वाट्याचं सगळं आण्णाच बोलायचे. परत घरी नेताना तर बघायलाच नको. स्टँडवर ते पुढे, मुलगी मागे. गाडी लागायच्या आधीच खिडकीतून टॉवेल टाकून जागा धरायची, कंडक्टरला बजावायचं, शेजारच्या बाईलाही बजावायचं. माणूस मायाळू, पण दुसऱ्याला बोलायला फट म्हणून ठेवायचा नाही. आमच्या घरात सहज खपून गेला असता.

पुण्याच्या कामाचं कळल्यावर ते मला भेटायला आले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, 'म्याडम, इंजिनेर झाली, आमाला अभिमान हाय. पर हे काम काय हाय ते मला कळंना. पाव्हन्यारावळ्यांनी इचारलं, पोरगी काय करती, तर मी काय सांगू? समोरचा अडला की गप बसती म्हनून सांगू?'

मी समजावायला लागले. बरंच बोलले, उदाहरणं दिली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

'तुमचा तो शेवटचा कार्यक्रम हाय नव्हं? त्याला येतो. काय करती ते डोळ्यानं बघतो. पटलं तर पुन्याला धाडतो. न्हाई पटलं तर घरी. जवळपास दुसरं कायतरी बघंल ती.'

यात धमकी नव्हती. एका बापाने त्याला जमेल ती परीक्षा ठेवली होती. पण मुलगी त्या दिवसापासून जेवेनाशी झाली, आणि माझाही जीव टांगणीला लागला.

कार्यक्रम म्हणजे कोर्सचा समारोप. कॉलेजच्या हॉलमध्ये बॅनर लावला, दोन भाषणं ठेवली, आणि मुख्य गोष्ट म्हणजे सगळ्यांसमोर एक खरीखुरी टेस्ट. पुण्याच्या कंपनीची माणसं स्वतःचं मोटारीचं अॅप घेऊन येणार होती. श्रीगोंद्याचे एक शेतकरी ते पहिल्यांदाच हातात घेणार, आमची मुलगी शेजारी बसणार, आणि फोनवर जे दिसेल ते मागच्या मोठ्या पडद्यावर हॉलला दिसणार. पालक आले, आसपासच्या गावातले शेतकरी आले, माझी आई पहिल्या रांगेत येऊन बसली. आण्णा तिच्या शेजारीच बसले, स्वच्छ पांढरे कपडे, खांद्यावर टॉवेल.

कार्यक्रम सुरू व्हायच्या वेळेला श्रीगोंद्याहून फोन आला. त्या शेतकऱ्यांच्या उसाला अचानक तोडणीची टोळी आली होती. आता त्यांना फडातून हलणं शक्य नव्हतं. त्यावर रागवायचीही सोय नाही. टोळीची वाट बघून डोळ्यांत पाणी आलेली माणसं मी पाहिली आहेत.

मी हॉलमध्ये विचारलं की शेतात मोटार असलेले कुणी बसाल का. लोक एकमेकांकडे बघायला लागले. पडद्यासमोर, एवढ्या माणसांत, मोबाईल घेऊन चुकायला कोण बसणार? तेवढ्यात आण्णा उठले.

'मी बसतो की. मोटार आमच्याकडं बी हाय.'

घरच्या माणसावर टेस्ट घ्यायची नाही, हा नियम मीच पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिला होता. घरचा माणूस अडला की हात पुढे जातोच. मी म्हटलं, 'आण्णा, तुम्ही बसा, पण मग तुमच्या मुलीऐवजी दुसरं कुणीतरी घेईल.'

'मग मी कशाला आलोय?' ते म्हणाले. 'तिचंच काम बघायचं हाय मला.'

मी मुलीकडे पाहिलं. तिने ओढणी नीट केली आणि म्हणाली, 'मॅडम, मीच घेते.' मग पर्समधून खडीसाखरेचा खडा काढून टेबलावर, कागदाच्या बाजूला ठेवला.

आण्णा खुर्चीत बसले. ती त्यांच्या शेजारी बसली आणि आम्ही शिकवलेलं सगळं एका दमात पण न चुकता म्हणाली. आम्ही तुमची परीक्षा घेत नाही, अॅपची घेतोय. जे मनात येईल ते मोठ्याने बोला. तुम्ही अडलात तरी मी मदत करणार नाही, कारण घरी हे वापराल तेव्हा मी शेजारी नसेन. शेवटच्या वाक्याला आण्णांनी तिच्याकडे एकदा बघितलं.

'तुमच्या शेतातली मोटार या अॅपला जोडा,' ती म्हणाली, आणि फोन त्यांच्या हातात दिला.

सुरुवात झकास झाली. आण्णांनी मराठी निवडली, मोबाईल नंबर टाकला, गाव टाकलं. सगळं मोठ्याने बोलत होते, हॉलला ऐकू जाईल असं, आणि मधूनच मागे बघून हसत होते. पुढचं पान उघडलं. त्यावर एकच चौकोन होता. वर लिहिलं होतं, मोटारीच्या मालकाचे नाव.

आण्णा थांबले.

त्यांनी चौकोनावर बोट नेलं, उचललं, पुन्हा नेलं. बोलणंही थांबलं. हॉलमध्ये पंख्याचा आवाज यायला लागला. बाहेरच्या रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गाणी वाजवत गेला, तो पार लांब जाईपर्यंत आण्णा त्या चौकोनाकडेच बघत होते. मुलीने टेबलावरचा खडा उचलून गालात ठेवला.

मागून कुणीतरी म्हणालं, 'आण्णा, नाव टाका की तुमचं. टेस्टच तर हाय.' मी वळून त्या माणसाकडे असं बघितलं की तो खाली बसला. माझ्या आईची चुळबुळ सुरू झाली होती. जन्मभर मुलांना पुढचा शब्द सांगितलेली बाई, तिच्यासाठी ही शिक्षाच होती. मी तिच्या हातावर हात ठेवला.

आण्णांनी मुलीकडे वळून हळूच विचारलं, 'काय टाकू?'

तिने खडा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. 'तुम्हाला काय टाकावंसं वाटतं?'

शेजारच्या रांगेतल्या एका बाईने च्यक् केलं. भरल्या हॉलमध्ये बाप अडलाय, लेकीला विचारतोय, आणि लेक उलट त्यालाच विचारतीय. आण्णांचा चेहरा लाल झाला.

'तुला ठाव हाय की सगळं,' ते म्हणाले.

तिला ठाऊक होतं, हे मला तिच्या पेनावरून कळलं. तिच्या हातातलं पेन कागदावर टकटक करत होतं, ते तिने दुसऱ्या हाताने धरलं. एक शब्द बोलली असती तर बाप सुटला असता. 'आण्णा, तुमचंच टाका' एवढंच म्हणायचं होतं. ती बोलली नाही. मला तिची भीतीही वाटली आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदम.

आण्णांनी फोन टेबलावर उपडा ठेवला. 'न्हाई टाकत मी.'

संपलं, असं मला वाटलं. पुणं गेलं. तिच्या जागी मी असते तर त्या क्षणी रडले असते, नाहीतर सारवासारव केली असती. तिने काहीच केलं नाही. नुसतं नेहमीच्या आवाजात विचारलं, 'तुमच्या मनात काय चाललंय, ते सांगाल?'

आण्णा बोलले, पण या वेळी हॉलसाठी बोलले नाहीत.

'हीर आमची तिघा भावांत हाय. मोटार बी तिघांनी मिळून घेतली. पाळी लावलीय. माझी पाळी आसंल तवा मोटार माझी. दुसऱ्या दिशी धाकट्याची. आमच्या आबांनी हीर वाटली न्हाई, तिघांत ठिवली, अन् तिच्यावरनं आजवर आमचं वाकडं आलं न्हाई. आता हे इचारतंय, मालक कोन. एकच नाव घालायला जागा. मी माझं घातलं अन् उद्या धाकट्यानं मोबाईलमदी बघितलं, तर त्याला काय वाटंल? का, हा एकटाच मालक झाला व्हय? टेस्ट आसली म्हनून काय झालं. माझ्या हातानं मी न्हाई घालायचा.'

ती कागदावर लिहीत होती, आणि लिहिता लिहिता तिने फक्त एवढंच विचारलं, 'इथे काय असायला हवं होतं, असं तुम्हाला वाटतं?'

'तिघांची नावं घालायला जागा. अन् ज्याची पाळी त्याच्या हातात मोटार. दुसऱ्यानं दाबली तरी चालू व्हायला नगं.'

तिने त्यांचे आभार मानले, टेस्ट संपली असं जाहीर केलं आणि मग हॉलकडे वळून विचारलं, 'तुमच्यापैकी कुणाकुणाची विहीर सामाईक आहे?' एकामागून एक हात वर आले. मागच्या भिंतीला टेकून उभे असलेल्यांनीही हात वर केले. पुण्याच्या कंपनीतली दोन पोरं आपलंच पान पडद्यावर बघत उभी होती. नंतर त्यांच्यातला एक मला म्हणाला की पुण्यात त्यांनी हे पान कितीतरी लोकांना भरायला दिलं होतं, कुणीच अडलं नव्हतं. मी म्हटलं, आमच्याकडेही कार्यक्रमाआधीच्या सरावात कुणी अडलं नव्हतं. एकाने तर आवडत्या क्रिकेटपटूचं नाव टाकलं होतं. आणि या मुलीने, जिच्या घरची ती विहीर, तिने सरावात वडिलांचं नाव बिनदिक्कत टाकलं होतं. रिकामा चौकोन दिसला की आपण भरतो. तो न भरणारा माणूस सापडायला आणि सापडल्यावर त्याला न भरू द्यायला त्या दिवशी शेजारच्या खुर्चीत ही मुलगी असावी लागली. मी हे त्या पोराला जरा ताठ मानेनेच सांगितलं. माझ्या जिल्ह्यात, वर्कशॉपच्या वरच्या वर्गात हे शिकवलं गेलं होतं, मग ताठ मानेने का सांगू नये?

त्या दिवशी मी मुलीचं तोंडावर कौतुकही केलं. सगळ्यांसमोर सांगितलं की हे मला जमलं नसतं. आई नंतर म्हणाली, 'हो, तुला नसतंच जमलं,' आणि मग जरा थांबून, 'पण शिकवलंस तू.' माझ्या कामाबद्दल आई एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच असं काही बोलली. मी ते वाक्य जपून ठेवलं आहे.

पण पटलं की नाही, ते आण्णांनी सांगितलं नाही. चहा घेताना ते एकटेच खांबाला टेकून उभे होते. मी जवळ गेले. त्यांनी कप बशीवर ठेवला.

'तिनं तवा सांगितलं आसतं तर?' त्यांनी विचारलं.

'तर तुम्ही लेकीचं ऐकून नाव टाकलं असतं, आणि तुमच्या मनातलं कुणालाच कळलं नसतं.'

'हं,' म्हणाले. जरा वेळाने, 'अन् ते तोंडात काय घातलं हुतं तिनं?'

मी खडीसाखरेचं सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं, पण हसले नाहीत. टॉवेल झटकून खांद्यावर टाकला आणि मुलीला घेऊन मिरजगावच्या गाडीला गेले. जाताना ती माझ्याकडे बघत होती.

पुढचे दिवस माझे वाईट गेले. तिचा फोन नाही, मीही केला नाही. त्यांच्या घरात आपण शिरू नये, असं स्वतःला बजावत राहिले आणि घरात सगळ्यांवर चिडत राहिले. पुण्याला हजर व्हायचा दिवस जवळ आला. मग एका सकाळी तिचा निरोप आला, आण्णा नगरला येतायत, तुम्हाला स्टँडवर बोलावलंय. एवढंच. कशासाठी, ते लिहिलं नव्हतं. वाटेत मी मनात एक अख्खं भाषण तयार केलं, आण्णांना ऐकवायला.

स्टँडवर ती दोघं उभी होती. तिच्या पायाशी मोठी बॅग होती. पण बॅगेवरून काय समजायचं? हॉस्टेलची खोली सोडायची होती, तेवढ्यासाठीही बॅग लागली असती. मी भाषण सुरू करायला तोंड उघडलं, तेवढ्यात आण्णांनी हात पुढे केला.

'म्याडम, ती तुमची खडीसाखर हाय का?'

ती माझ्या पर्समध्ये कायम असते. मी एक खडा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो बघितला, गालात ठेवला आणि हात मागे बांधून उभे राहिले.

मुलीला कळायला जरा वेळ लागला. ती त्यांच्याकडे बघत राहिली. ते बोलेनात. पुढेही होईनात. खांद्यावरचा टॉवेल खांद्यावरच. मग तिने बॅग उचलली आणि एकटी चौकशीच्या खिडकीकडे गेली. तिथे गर्दी होती. ती पुढे घुसली, काहीतरी विचारलं, परत फिरली आणि चुकीच्या फलाटाकडे निघाली. तिकडे नाशिकच्या गाड्या लागतात. आण्णांचा हात सुटला आणि वर आला. हाक मारायला तोंडही उघडलं असावं, कारण त्यांनी खडा जिभेने पुन्हा गालात ढकलला आणि हात खाली घेतला. मीही माझ्या तोंडात एक खडा टाकला, नाहीतर मीच ओरडले असते.

ती फलाटाच्या टोकापर्यंत गेली, पाटी वाचली, थांबली. शेजारच्या एका बाईला विचारलं. मग वळली आणि बॅग ओढत आमच्या समोरून, आमच्याकडे न बघता, पुण्याच्या गाडीकडे गेली. चढली. जागा खिडकीची नव्हती मिळाली, मधली मिळाली. तरी तिने वाकून, दोन माणसांच्या डोक्यांवरून हात बाहेर काढला आणि हलवला. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती.

गाडी गेटातून बाहेर पडून वळेपर्यंत आण्णा तसेच उभे होते. मग त्यांनी खडा कडकन चावला.

'मला ठाव हुतं,' ते म्हणाले, 'गाडी कुठं लागती ते.'

'मलाही,' मी म्हटलं.